टांकसाळीची चूक आणि बाजारातील इजा : शिवराई व अंकुशी रुपयाच्या निमित्ताने

नाणे हे इतिहासाचे साधन आहे, हे आता सांगावे लागत नाही. परंतु साधन वापरण्यापूर्वी ते पारखून घ्यावे लागते. कागदपत्रांच्या बाबतीत अस्सल व बनावट यांची छाननी करण्याची शिस्त महाराष्ट्रात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या काळापासून रुजली. नाण्यांच्या बाबतीत ती तितकीशी रुजलेली नाही. एखादे नाणे वेडेवाकडे दिसले, त्यावरील अक्षर उलटे उमटले, किंवा त्याची कड तुटलेली आढळली, की त्याला एकतर ‘दुर्मिळ प्रकार’ म्हणून डोक्यावर घेतले जाते, नाहीतर ‘खराब नाणे’ म्हणून बाजूस सारले जाते. हे दोन्ही निर्णय बहुधा घाईचे असतात. नाण्यावर दिसणारा दोष टांकसाळीत उत्पन्न झाला, टांकसाळीबाहेर अपघाताने आला, की कोणी हेतुपुरस्सर केला, याचा निकाल लागल्याखेरीज त्या नाण्यावरून कोणतेही ऐतिहासिक अनुमान काढणे धोक्याचे आहे. हा निकाल कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनासाठी पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, विशेषतः शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. वेळ नदीच्या काठचे हे गाव पेशवाईतील ढमढेरे या सरदार घराण्यामुळे प्रसिद्ध आहे. पुण्याहून अहमदनगरकडे जाणारा मार्ग त्याच्या जवळून जातो. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर कंपनीच्या तैनाती फौजेची छावणी घोडनदीकाठी शिरूर येथे पडली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली ती याच छावणीतून, आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. एका बाजूस पेशव्यांची राजधानी, दुसऱ्या बाजूस इंग्रजी छावणी आणि मध्ये सरदाराच्या वाड्याचे बाजारपेठेचे गाव, अशा ठिकाणी नाणी एकाच टांकसाळीची असणे शक्य नव्हते. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा रुपया, तांब्याची शिवराई आणि पुढे १८३५ च्या कायद्याने आलेला कंपनीचा एकसारखा रुपया, ही सर्व नाणी अशा प्रदेशात एकामागून एक आणि काही काळ एकत्रही फिरली. म्हणूनच नाण्यांच्या दोषांचा अभ्यास करण्यास हा परिसर सोयीचा आहे.

१. ‘चूक’ कशास म्हणावे?

चूक ही नेहमी नियमाच्या संदर्भात ठरते. जो नियम टांकसाळीने स्वतःस घालून घेतलेलाच नव्हता, त्याचा भंग झाला म्हणून नाण्यास सदोष म्हणता येत नाही. आजच्या यांत्रिक टांकसाळीचा नियम मनात ठेवून मराठेशाहीतील नाण्याकडे पाहणे, ही या क्षेत्रातील पहिली व सर्वांत मोठी चूक होय, आणि ती टांकसाळीची नसून अभ्यासकाची आहे.

मराठेशाहीतील नाणे हाताने पाडले जाई. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसविलेला असे, त्यावर धातूची चकती ठेवीत, वरचा ठसा हातात धरून तिच्यावर टेकवीत आणि त्यावर घणाचा घाव घालीत. चकतीस चहूबाजूंनी धरून ठेवणारे कडे नसल्यामुळे धातू मोकळेपणी पसरे. नाणे त्यामुळे नेमके वर्तुळाकार होत नसे, आणि ठसा दर वेळी चकतीच्या मध्यावरच पडेल याचीही शाश्वती नसे. शिवाय पुष्कळ वेळा ठसा चकतीपेक्षा मोठा असे. अंकुशी रुपयाचेच उदाहरण घ्यावे. त्यावर मोगल बादशहाच्या नावाचा फार्सी लेख असून पुण्याचे ‘मुहियाबाद’ हे औरंगजेबकालीन नाव टांकसाळीचे नाव म्हणून येते. अंकुशाच्या चिन्हामुळे त्यास अंकुशी म्हणतात. हा सर्व लेख एका नाण्यावर पूर्ण उमटलेला क्वचितच सापडतो. निरनिराळ्या नाण्यांवरील तुकडे जुळवून तो वाचावा लागतो. येथे ‘अर्धवट लेख’ हा दोष नसून त्या टांकसाळीचा नित्यक्रम आहे. अशा रुपयास ‘मध्यभ्रष्ट ठशाचे दुर्मिळ नाणे’ म्हणणे म्हणजे नियमालाच अपवाद समजणे होय.

शिवराईचीही गोष्ट तशीच आहे. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा नागरी लेख असलेले हे तांब्याचे नाणे त्यांच्या नावाने सुरू झाले आणि त्याच नावाने पुढे दीड शतकाहून अधिक काळ अनेक ठिकाणी पाडले गेले. पेशवाई संपल्यावरही १९ व्या शतकात ते खेड्यापाड्यांच्या व्यवहारात टिकून होते. इतक्या ठिकाणी, इतका काळ, इतक्या हातांनी पाडलेल्या नाण्यात ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ असे लेखनभेद असावेत, ऱ्हस्वदीर्घाचा मेळ नसावा, अक्षरांची वळणे भिन्न असावीत, यात नवल नाही. हे भेद टांकसाळीच्या चुका नव्हेत. ते तत्कालीन लेखनरूढीचे व ठसे खोदणाऱ्या कारागिरांच्या अक्षरज्ञानाचे पुरावे आहेत. त्यांचे वर्गीकरण करावयाचे ते प्रकार म्हणून, दोष म्हणून नव्हे.

२. घावाच्या आधी, घावाच्या वेळी, घावानंतर

मग खरी चूक ओळखावी कशी? उत्खननाशी परिचय असणाऱ्यांना यासाठी एक ओळखीचाच मार्ग उपलब्ध आहे. याच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन केले. तेथे कोणता थर कोणत्या थरास छेदून जातो, कोणता खड्डा कोणत्या जमिनीतून खणला गेला, हे पाहून घटनांचा क्रम लावला गेला. नाण्याचा पृष्ठभाग हाही असाच, पण अतिशय पातळ, स्तरांचा संचय आहे. ठशाचा घाव ही त्यातील मध्यरेषा. घावापूर्वीचे जे काही असेल त्याच्यावर ठसा पसरलेला दिसतो. घावानंतरचे जे असेल ते ठशास छेदून जाते. हा एक नियम नीट ध्यानात घेतला, तर पुष्कळसे प्रश्न आपोआप सुटतात.

घावापूर्वीचे दोष चकतीचे अथवा ठशाचे असतात. ओतताना धातूत हवा अथवा मळ राहिला तर चकतीत पोकळी वा पापुद्रा राहतो. चकती कापताना तिरपी कापली गेली तर एक बाजू सपाट राहते. अशा चकतीवर ठसा पडला म्हणजे अक्षरांच्या रेषा त्या दोषाच्या काठापर्यंत येऊन तेथे ताणल्या जातात, पातळ होतात किंवा दोषाच्या आत अंधुकपणे उतरतात. कारण धातूस तेथे आधार नसतो. याउलट, पूर्ण पाडलेल्या नाण्याची कड नंतर कोणी कापली, तर अक्षराची रेषा पूर्ण जाडीची असतानाच एकाएकी तुटते. पहिल्या प्रकारात अक्षर कडेस जुळवून घेते. दुसऱ्या प्रकारात कड अक्षराची पर्वा करीत नाही.

ठशाच्या दोषांसाठी आणखी सोपी खूण आहे. ठशावर लेख खोलगट व उलटा कोरलेला असतो, म्हणून तो नाण्यावर उंच व सुलट उमटतो. ठशास तडा गेला तर नाण्याचा धातू त्या तड्यात शिरतो, आणि नाण्यावर उंचावलेली रेषा दिसते. म्हणजे ठशावरची जखम नाण्यावर वळ होऊन उमटते, आणि नाण्यावरची जखम खोलच राहते. नाण्यावरील उंच रेषेस ओरखडा म्हणणे आणि खोल ओरखड्यास ठशाचा तडा म्हणणे, या दोन्ही चुका केवळ या एका भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात. ठशाच्या खाचेत मळ किंवा धातूचे कण साचले, तर अक्षराचा तेवढा भाग उमटतच नाही. परंतु तेथील पृष्ठभाग आसपासच्या भागासारखाच असतो. अक्षर नंतर घासून काढले असेल, तर तेथे कानशीचे समांतर चरे, वेगळी चकाकी व किंचित खोलगटपणा आढळतो.

घावाच्या वेळच्या चुकांत दुहेरी घाव व प्रतिछाप या दोन विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिला घाव कमी पडला म्हणून कारागिराने दुसरा घातला, आणि दरम्यान चकती सरकली, तर लेख दोनदा उमटतो. पहिला लेख दुसऱ्याखाली दबून चपटा झालेला पण ओळखण्याजोगा राहतो. प्रतिछापेची रीत निराळी आहे. पाडलेले नाणे वरच्या ठशास चिकटून राहिले आणि ते ध्यानात न येता खाली नवी चकती ठेवली गेली, तर त्या चकतीच्या वरच्या अंगास ठशाऐवजी चिकटलेल्या नाण्याचा स्पर्श होतो. परिणामी नव्या नाण्याच्या एका बाजूस खालच्या ठशाचा लेख नेहमीसारखा उंच उमटतो, आणि दुसऱ्या बाजूस तोच लेख खोल व उलटा उमटतो. हाताने नाणी पाडण्याच्या वेगात असा प्रकार घडणे स्वाभाविक होते, आणि तो जगातील बहुतेक सर्व हातटांकसाळींच्या नाण्यांत आढळतो.

३. उलट्या अक्षराचे चार प्रकार

‘शिवराईवर उलटे अक्षर आहे’ एवढ्या वर्णनाने काहीच बोध होत नाही. अक्षर उंच की खोल, आणि सुलट की उलट, या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र घेतली पाहिजेत. त्यातून चार शक्यता संभवतात.

अक्षर उंच व सुलट असेल तर नाणे नेहमीप्रमाणे पाडले गेले आहे. अक्षर उंच परंतु उलट असेल, तर ठसा खोदणाराच चुकला. ठशावर उलटे कोरावयाचे अक्षर त्याने सवयीने सुलट कोरले. ही टांकसाळीची खरी चूक होय, आणि त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती येणार. अक्षर खोल व उलट असेल, तर ती प्रतिछाप असू शकते, अथवा दुसरे नाणे वर ठेवून नंतर कोणी दाबले असेल. अक्षर खोल व सुलट असेल, तर ठशाच्या नित्य व्यापारातून ते येणे जवळजवळ अशक्य आहे. ते नंतर कोरलेले वा वेगळ्या खुणेच्या छापाने ठोकलेले समजावे.

तिसऱ्या शक्यतेतील दोन पर्यायांचा निवाडाही करता येतो. खऱ्या प्रतिछापेत त्या बाजूस मूळचा दुसरा लेख कधी पडलेलाच नसतो. म्हणून खोल अक्षरांच्या मधल्या जागेत त्याचा मागमूस नसतो. दोन नाणी शेगड्यात धरून आवळली, तर आधीचा उंच लेख पुरता नाहीसा होत नाही. तो चेपून त्याचे अवशेष खोल अक्षरांच्या आजूबाजूस उरतात, आणि दाबाखालच्या विरुद्ध बाजूचा लेखही चपटा होतो. टांकसाळीत दोन्ही बाजू एकाच घावाने घडतात, म्हणून त्या परस्परांशी सुसंगत असतात. कारखान्यात एका बाजूस केलेल्या उद्योगाची शिक्षा दुसरी बाजू भोगते.

४. बाजाराने केलेल्या खुणा

नाणे टांकसाळीतून बाहेर पडले, की पोतदार, सराफ, सोनार आणि घरधनी असे चार हात त्यावर काम करू लागतात. गावगाड्यात सोनाराकडे पोतदारीचे काम असे. वसुलात आलेल्या नाण्यांची पारख करणे, त्यांचा कस व वजन पाहणे, वट्टा ठरविणे ही त्याची कामे. शंका आलेल्या रुपयास टाच मारून आतील धातू पाहण्याची रीत सर्वत्र होती. सराफाच्या अशा खुणा लहान, खोल, बहुधा एकाच बाजूस असलेल्या आणि लेखास छेदून जाणाऱ्या असतात. छिन्नीच्या घावाच्या दोन्ही भिंती सरळ असतात आणि विस्थापित धातू काठावर उंचावतो. याउलट घणाच्या घावाने कडेस पडलेली चीर आडवीतिडवी, मध्याकडे निमुळती होत गेलेली असते. अशी चीर टांकसाळीची समजावी.

सराफी खूण म्हणजे नाण्यास झालेली इजा खरी, परंतु ती निरर्थक नव्हे. एखाद्या टांकसाळीच्या रुपयांवर अशा टाचा वारंवार आढळल्या, तर त्या रुपयावर बाजाराचा विश्वास डळमळीत होता, असे अनुमान करण्यास आधार मिळतो. तद्वत् नाण्यास भोक पाडले असेल वा कडी लावल्याची डाकाची खूण असेल, तर ते चलनातून निघून दागिन्यात गेले, एवढे निश्चित कळते. या नाण्यांना ‘खराब’ म्हणून फेकून देणारा अभ्यासक पुराव्याचाच त्याग करतो. मात्र त्यांना ‘टांकसाळीची चूक’ म्हणणारा पुराव्याचा विपर्यास करतो. हा दुसरा दोष अधिक गंभीर आहे.

तिसराही एक वर्ग आहे, आणि तो विसरता कामा नये. नाण्यावर दुसऱ्यांदा ठसा मारणे हे कधीकधी राज्याचे जाणूनबुजून केलेले कृत्य असते. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा सु. १३,२५० नाण्यांचा संचय सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चैत्याची व उज्जयिनी चिन्हाची मुद्रा पुन्हा उमटविलेली होती. नहपानाचा मुखवटा आणि लेख त्या मुद्रेखालून डोकावतो. कोणी वरवर पाहून या नाण्यांना दुहेरी घावाची सदोष नाणी म्हटले असते, किंवा ठेचलेली म्हणून बाजूस टाकले असते, तर सातवाहनांनी क्षहरातांवर मिळविलेल्या विजयाचा एक बोलका पुरावा हातचा गेला असता. दुहेरी घाव व पुनर्मुद्रण यांतील भेद सोपा आहे. दुहेरी घावात दोन्ही थर एकाच ठशाचे असतात. पुनर्मुद्रणात वरचा थर वेगळ्या ठशाचा, बहुधा वेगळ्या सत्तेचा असतो.

५. हलके नाणे : दोष कोणाचा?

आतापर्यंतचे विवेचन काहींना संग्राहकांच्या हौसेपुरते वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही, हे दाखविण्यासाठी वजनाचा प्रश्न घेऊ.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ मध्ये मराठेशाहीतील चलन व टांकसाळी या विषयावर जो निबंध वाचला, त्यात पेशवे दप्तरातील टांकसाळींच्या सनदांचा परामर्श घेतला आहे. १७४४ मध्ये कुलाबा भागातील खाजगी टांकसाळींतून हिणकस नाणे निघते, अशी तक्रार झाल्यावरून बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या सरकाराने परवानगीवाचून टांकसाळ चालविण्यास मनाई केली आणि नागोठणे व रेवदंडा येथील इसमांना ठरावीक रक्कम भरण्याच्या अटीवर परवाने दिले. म्हणजे नाणे पाडणे हा मक्त्याचा धंदा होता, आणि मक्तेदारास नाणे हलके करण्याचा मोह होता. ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूने पाहता, रुपयाची कड कातरून थोडी थोडी चांदी काढून घेण्याचा मोह बाजारातील लोकांसही होता. आता एखाद्या संचयातील नाणी अपेक्षेपेक्षा हलकी भरली, तर दोष कोणाचा? मक्तेदाराचा, बाजाराचा, की निव्वळ काळाचा?

सर्व नाण्यांचे सरासरी वजन काढून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. नाण्यांचे आधी तीन गट पाडावे लागतात. पहिला गट ज्यांचा लेख तीक्ष्ण आहे व कड अभंग आहे अशा नाण्यांचा. दुसरा लेख झिजलेल्या पण कड अभंग असलेल्या नाण्यांचा. तिसरा कड कातरलेल्या नाण्यांचा. पहिला गटच जर हलका भरला, तर हलकेपणा टांकसाळीतून आलेला आहे, आणि मक्तेदारावरील आक्षेपास नाण्यांची साक्ष मिळते. पहिला गट पूर्ण वजनाचा व दुसरा हलका असेल, तर ती केवळ वापराची झीज होय. तिसराच गट हलका असेल, तर कातरणाऱ्या हातांचा शोध घ्यावा. तिन्ही गट एकत्र करून ‘या काळी नाण्याची घट झाली’ असे विधान केले, तर ते आकड्यांत मांडलेले असले तरी निराधारच राहते.

येथे धातूचाही विचार हवा. चांदीच्या रुपयाची कड कातरणे फायद्याचे होते. तांब्याच्या शिवराईच्या कातरणीतून मिळणारा लाभ क्षुल्लक होता. म्हणून कापलेली शिवराई दिसल्यास चोरीपेक्षा वेगळे कारण आधी शोधावे. अर्धे नाणे म्हणून वापरण्यासाठी केलेला तुकडा, वजन म्हणून उपयोग, किंवा शेतात नांगराच्या फाळाचा लागलेला धक्का, अशी कारणे अधिक संभवतात. नांगराने झालेली जखम बहुधा हिरव्या गंजाच्या थरास छेदून खालचे ताजे तांबे उघडे करते. जुनी जखम मात्र बाकीच्या पृष्ठभागाइतकीच गंजलेली असते. जखमेच्या आतील गंज हा तिच्या वयाचा साक्षीदार आहे. याच कारणासाठी सापडलेले नाणे चिंच, राख किंवा आम्ल लावून लखलखीत करू नये. ज्या क्षणी ते चकाकते, त्या क्षणी तो साक्षीदार नाहीसा होतो.

६. यंत्रयुगातील नाणी

१८२९ मध्ये मुंबईस नव्या टांकसाळीची इमारत उभी राहिली आणि वाफेच्या यंत्राने नाणी पाडण्याचे युग सुरू झाले. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा व बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा ठरला. यंत्रात चकती कड्यात बसते. त्यामुळे आकार, कड व मध्य हे निश्चित झाले. नियम काटेकोर झाला, म्हणून चूकही काटेकोरपणे ओळखता येऊ लागली.

पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर अंशतः पडते आणि तिच्या कडेस कंसाकार खाच राहते. अशा चकतीची कड उचलून घेताना खाचेच्या बरोबर समोरच्या बाजूस पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून तेथील काठ अशक्त उमटतो. कानशीने खाच पाडणाऱ्यास खाच साधता येते. समोरचा अशक्त काठ मात्र साधता येत नाही. तसेच एका बाजूचा लेख घासून ‘एकाच बाजूस छापलेले’ म्हणून दाखविलेले नाणे तराजूवर उघडे पडते. टांकसाळीच्या चुकीत ठसा कमी पडला तरी धातू कमी होत नाही. आम्लात बुडवून पातळ केलेल्या नाण्याचे सर्वच तपशील सारखे मऊ होतात आणि वजन घटते. दोन्ही बाजूंस एकच छाप असलेले नाणे हे बहुधा दोन नाणी कोरून एकात एक बसविलेले असते. काठाच्या आतील बाजूस बारीक सांध्याची रेषा आणि टिचकी मारल्यावर येणारा बद्द आवाज त्याचे गुपित सांगतात. २००९ पासून चलनात आलेल्या दोन धातूंच्या दहा रुपयांच्या नाण्यांत मधला भाग ठोकून सरकविण्याचे प्रकार होतात. तेथेही ठोकल्याच्या खुणा मध्यभागी दिसतातच.

परंतु यंत्रयुगातही अज्ञानामुळे नियमास चूक समजण्याचा धोका टळत नाही. १९६२ साली एक नवा पैसा कांस्य व निकेल-पितळ अशा दोन्ही धातूंत निघाला. धातूबदलाचा हा इतिहास ठाऊक नसलेल्यास त्यातील पिवळा पैसा ‘चुकीच्या धातूवर पाडलेला’ वाटेल. १९४० पासून रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले. १९३९ चा दुर्मिळ रुपया म्हणून अंकात फेर केलेले पुढच्या सालचे नाणे कोणी पुढे केले, तर अंकाकडे डोळे ताणून पाहण्यापेक्षा ते हवेत व पाण्यात तोलून त्याचे विशिष्ट गुरुत्व काढावे. शुद्ध चांदीचे १०.४९ व तांब्याचे ८.९६ असल्यामुळे मिश्रणातील फरक साध्या तराजूवरही लपत नाही.

ओतीव नकलांचीही कसोटी वरील तत्त्वांतूनच निघते. एकाच ठशाने पाडलेल्या दोन नाण्यांत ठशाचा तडा सारखा असू शकतो. चकतीची चीर, घावाचे सरकणे आणि कडेचा आकार हे मात्र प्रत्येक नाण्याचे स्वतंत्र असतात. दोन शिवराया चिरेसह, कडेसह आणि ओरखड्यासह सारख्या आढळल्या, तर त्यांपैकी निदान एक साच्यात ओतलेली आहे. शिवाजी महाराजांच्या नावाच्या होनांना आज जी मागणी आहे, ती पाहता ही कसोटी विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी.

७. समारोप

महाराष्ट्रात नाण्यांच्या अभ्यासाची साधने आज पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहेत. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये नाणेसंशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि माहेश्वरी व विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरील ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पण मोठ्या संग्रहांत येणारे नाणे बहुधा निवडून आलेले असते. तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, रांजणगाव यांसारख्या गावांतील देवघरात, धान्याच्या कणगीत किंवा मोडीच्या दुकानात पडलेले नाणे निवडलेले नसते. म्हणून बाजाराच्या खऱ्या स्थितीची साक्ष तेच देते. विद्यार्थ्याने अशा गावी जावे, नाणे विकत घेण्याच्या भरीस पडू नये, आणि जागेवरच त्याचे वजन, व्यास, कडेची अवस्था, दोन्ही ठशांची परस्पर दिशा व प्रत्येक जखमेतील गंज यांची नोंद करावी. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वये, जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा कलेक्टरास कळविणे बंधनकारक आहे, हेही गावकऱ्यांस नम्रपणे समजावून सांगावे. सापडलेला संचय वाटून घेतला गेला, की त्यातील प्रत्येक नाणे आपल्या सोबत्यांस मुकते, आणि वर सांगितलेले तीन गट पाडणे कायमचे अशक्य होते.

गावच्या पोतदारापुढे नाणे आले, की त्याचा प्रश्न एकच असे : हे कितीस चालेल? आजचा विक्रेता हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतो, आणि वेड्यावाकड्या नाण्यास ‘टांकसाळीची चूक’ हे नाव देऊन त्याचे मोल वाढवितो. इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न वेगळा आहे. या नाण्याचे काय झाले, कोणत्या क्रमाने झाले, आणि कोणाच्या हातून झाले, हे त्यास विचारावयाचे आहे. ठसा चुकला असेल तर कारागिराची, चकती हलकी असेल तर मक्तेदाराची, टाच मारली असेल तर सराफाची आणि भोक पाडले असेल तर एखाद्या घरातील लेकीसुनेच्या गळ्याची हकीकत त्या नाण्यात आहे. या हकीकतींची परस्परांत सरमिसळ होऊ न देणे, हीच नाण्याची पारख होय.